बद्द वाजणारा खडा

मी एक जुना खडा आहे. जुना म्हणजे किती, तर उणापुरा पाच वर्षांचा. पण आमच्यात पाच वर्षं म्हणजे पिकलं पानच. खरं सांगायचं तर मी आता पुरता उरलेलोही नाही. एका बाईंच्या उजव्या मनगटात, अंगठ्याच्या बाजूच्या हाडात, माझा शेवटचा एक कण बसून आहे आणि तोच तुमच्याशी बोलतो आहे. मित्रांनो, वेळ थोडा आहे आणि सांगायचं पुष्कळ. मध्येच फुशारकी मारली तर तेवढं पोटात घाला.

माझा जन्म एका इस्पितळामागच्या जुन्या धुलाईघरात झाला. चादरी धुण्याचं काम दुसरीकडे गेलं आणि ती लांबट खोली आमच्या वाट्याला आली. तिथली फरशी अजूनही मोरीच्या दिशेने उतरती होती. टेबलावरून पेन्सिल पडली की गडगडत थेट मोरीपाशी जाऊनच थांबायची. त्या खोलीत दोघीजणी काम करायच्या. एक संशोधक ताई. मोडलेल्या ठिसूळ हाडात नवं हाड उगवावं म्हणून तिथे भरता येईल असा पदार्थ बनवायचा, हा त्यांना लागलेला ध्यास. दुसऱ्या भट्टीकाकू. वय साठीच्या पुढे, चाल तुरुतुरु, आणि आवाज असा की भट्टी चालू असतानाही मोरीपर्यंत ऐकू जावा. काकूंनी कपबश्यांच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टी सांभाळली होती. कारखाना बंद पडला तेव्हा ताई त्यांना इकडे घेऊन आल्या.

आता माझ्या घडणीचं सांगतो. हाड ज्या मालाचं बनतं त्याच मालाची पांढरीशुभ्र पूड ताई मोजून घेत. कॅल्शियम, फॉस्फरस, वर सिलिकॉनची चिमूट. पाण्यात ती घोटून घोटून दुधाच्या सायीइतकी दाट करत. मग स्पंजाचे साखरेच्या चौकोनी वडीएवढे तुकडे कातरून त्यात बुडवायचे, हलकेच पिळायचे, वाळवायचे आणि भट्टीत ठेवायचे. भट्टी हळूहळू तापते. आधी आतला स्पंज जळून जातो, मग पूड एकमेकीला घट्ट धरते. स्पंज जाताना आपला आकार तेवढा मागे ठेवून जातो. माझ्या अंगभर जी भोकं होती, एकातून दुसऱ्यात जाणारी, तीन-चार केस एकदम ओवता येतील एवढी, ती सगळी त्याची. मी त्या स्पंजाला कधी पाहिलं नाही. तरीही त्याची आठवण येते, हे नवल नाही का?

माझ्या आधी आमची दोन पिढ्यांची मोठी भावंडं होऊन गेली. त्यातल्या दुसऱ्या पिढीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

काकूंना एक सवय होती. भट्टीतून निघालेला नग डाव्या तळहातावर घ्यायचा, कानाशी न्यायचा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी मारायची. कप ‘टण्ण’ वाजला की पक्का. ‘बद्द’ वाजला की कच्चा, नाहीतर तडकलेला, तो टोपलीत. तीस वर्षांत लाखभर कप त्यांनी असे पारखले असतील. पहिली पिढी भट्टीतून बाहेर आली तेव्हा काकूंनी टिचकी मारली आणि त्यांचा चेहरा कडू झाला. सगळीच बद्द! ताई मात्र खूश. काकू घरी जाताना पुटपुटल्या, “माझ्या भट्टीतून कच्चा माल बाहेर पडला, असं कधी झालं नव्हतं हो.”

पुढच्या खेपेला त्यांनी कुणाला न विचारता भट्टीचा ताव वाढवला आणि वेळही दोन तासांनी लांबवला. दुसरी पिढी निघाली ती एकेक नग घंटेसारखा वाजत. ताईंनी ती खेप शरीरातल्या पाण्यासारख्या पाण्यात, शरीराइतक्या उबेत ठेवली. चांगल्या खड्यावर अशा पाण्यात दोन आठवड्यांत दंवासारखा पांढरा थर धरतो, आणि त्या थरालाच हाड ओळखतं. तीन आठवडे झाले, चार झाले. खडे जसेच्या तसे. ताईंचं खाण्यावरचं लक्ष उडालं. त्यांनी पाणी बदललं, पूड तपासली, वह्या उलट्यासुलट्या केल्या. शेवटी काकूंना राहवलं नाही.

“ताई, पाण्याला बोल लावू नका. मीच ताव वाढवलाय,” त्या म्हणाल्या. “बद्द माल मला बघवेना.”

ताईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, “काकू, कपातून चहा झिरपू नये म्हणून तुम्ही आयुष्यभर भोकं बुजवलीत. मला भोकंच हवी आहेत. हाडाला आत शिरता आलं पाहिजे, आणि आपल्या खड्याला विरघळता आलं पाहिजे. जो फार घट्ट भाजला जातो तो कुणाला आत येऊ देत नाही.”

काकूंना ते पटलं की नाही, देव जाणे. पण तिसऱ्या खेपेला त्यांनी ताईंनी सांगितलेल्या आकड्याला काटा आणून भट्टी बरोबर बंद केली. त्या खेपेत मी होतो. काकूंनी मला कानाशी धरलं, टिचकी मारली, आणि मी बद्द वाजलो. “घ्या तुमचा कच्चा बाळ,” असं म्हणून त्यांनी मला ट्रेमध्ये ठेवलं. मित्रांनो, जन्मल्या जन्मल्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. माझ्या मनाला ते फार लागलं.

पुढे पाण्याच्या परीक्षेत आमच्यावर अकराव्या दिवशी दंव धरलं. ताई खोलीभर नाचायच्या बाकी राहिल्या. पाहुणे आले, भिंगातून आम्हाला पाहून “वा!” म्हणून गेले. आणि मग? मग काही नाही. माणसाच्या शरीरात काही घालायचं तर शंभर तपासण्या, शंभर सह्या. आम्हाला निर्जंतुक करून पारदर्शक पाकिटांत बंद केलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर चढवून ठेवलं. दोन वर्षं मी तिथे होतो. कौतुक आटलं, धूळ तेवढी वाढली.

वरच्या फळीवरून मात्र सगळं दिसतं. मला जे दिसलं ते खालच्या कुणालाच दिसलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पहिल्या वर्षी काकू महिन्याच्या मोजदादीसाठी आमचा ट्रे नुसते हात उंचावून काढत. दुसऱ्या वर्षी त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या. मग त्यांनी एक स्टूल आणलं. त्यांचा कामाचा निळा ॲप्रन आधी गुडघ्याच्या खाली चार बोटं होता. तो आणखी दोन-तीन बोटं खाली उतरला. “धुऊन धुऊन कापड सैल पडतंय, ॲप्रन वाढायला लागलाय माझा,” असं म्हणून त्या हसत, आणि ताईही हसत. पाठ दुखली की काकू भट्टीच्या कोमट दाराला टेकून उभ्या राहत. कुणी विचारलं तर म्हणत, “मी खणखणीत आहे.” ज्या खोलीत दिवसभर ठिसूळ हाडांखेरीज दुसरा विषय नव्हता, त्या खोलीत एक बाई वर्षाला बोटभर खचत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी ओरडून सांगितलं असतं हो. पण खड्याला आवाज टिचकीपुरताच.

अखेर परवानगी आली. पहिल्या दहा रुग्णांसाठी आमचा वापर करून पाहायचा, असं ठरलं. सहा जणांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. एका सकाळी डॉक्टरांकडे पाठवायला आमचा ट्रे काढण्यासाठी काकू स्टुलावर चढल्या. ट्रे डाव्या हातात आला आणि उतरत्या फरशीवर स्टुलाचा पाय सरकला. पडताना त्यांनी ट्रे छातीशी धरला आणि उजवा हात जमिनीवर टेकला. स्टूल मुळी वीतभर उंचीचं. एवढ्याशा पडण्याने तुम्हाला साधं खरचटलं असतं. काकूंचं मनगट मोडलं. आमच्यातलं एकही पाकीट फुटलं नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मनगटाच्या हाडाचं टोक चेपून आत घुसलं होतं आणि मध्ये खळगा पडला होता. पाठीच्या फोटोत दोन मणके दबलेले निघाले. “याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “हाड आतून पोकळ होत जातं आणि बाहेर कळतही नाही. काकू, हे आजचं नाही. पाच-सहा वर्षांचं आहे.” ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी काकूंच्या ॲप्रनकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकूंची लेक आली होती. ती म्हणाली, “आई, पुरे झालं आता. हात बरा झाला की घरी बस. काय कमी आहे तुला?”

“हात बरा झाला तर ना,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. “अगं, टिचकी गेली तर मी काय ओळखणार? डाव्या हाताची टिचकी खोटं बोलते. घरी बसायला माझी ना नाही. पण हात निकामी झाला म्हणून नाही बसायचं मला.”

डॉक्टरांनी त्यांच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. धातूची पट्टी तर बसवावीच लागणार होती. मधला खळगा नेहमीच्या पद्धतीने कमरेचं हाड काढून भरायचा, म्हणजे आणखी एक जखम. किंवा आमच्यातला खडा घालायचा. नियम असा की ताईंनी यात एक शब्दही बोलायचा नाही. त्यांचाच माल, त्यांचीच सहकारी. आग्रह झाला असं व्हायला नको. बिचाऱ्या बाहेरच्या बाकावर ओठ घट्ट मिटून बसल्या. टेबलावर मी सीलबंद पाकिटात होतो आणि शेजारी, रुग्णांना दाखवण्यासाठी ठेवलेला, माझा एक भाऊ उघड्या डबीत.

काकूंनी तो डाव्या हाताने टेबलावर ठेवला आणि डाव्याच बोटाने टिचकी मारली. बद्द. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. जिने मला कच्चा म्हटलं ती मला आपल्या हाडात कशी घेणार?

मग त्यांनी डॉक्टरांना असं काही विचारलं की डॉक्टर पाहतच राहिले. “हाड कसं वाजतं हो?”

“म्हणजे?”

“टिचकी मारल्यावर. चांगलं, निरोगी हाड. इतकी वर्षं हाडं जोडताय, कधी वाजवून नाही बघितलं?”

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. ते उठले आणि विद्यार्थ्यांना शिकवायच्या कपाटातून हाताचं एक खरं हाड घेऊन आले. काकूंनी ते मांडीवर घेतलं. मधल्या दांड्यावर टिचकी मारली, तर ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. मग मनगटाकडच्या फुगीर टोकावर मारली. ते टोक एका बाजूने कापलेलं होतं आणि आतली जाळी दिसत होती, भोकाभोकांची. तिथे आवाज आला, बद्द. काकूंनी पुन्हा मारली. पुन्हा माझ्या भावावर मारली. पुन्हा हाडावर. मला तर श्वास नसूनही तो रोखल्यासारखं झालं.

“अगं बाई,” काकू हळूच म्हणाल्या. “हा तर याचाच धाकटा भाऊ! मी मेली याला कपाच्या मापाने मोजत होते.” आणि लेकीकडे वळून म्हणाल्या, “कागद आण. डाव्या हाताने सही चालते का ते विचार.”

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते मी रोज पाहिलं, तरी अजून त्याची सवय झालेली नाही. डॉक्टरांनी मला खळग्यात अलगद बसवलं, वरून पट्टी कसली आणि कातडी शिवली. काळोख झाला. आधी नुसतं ऊबदार रक्त माझ्या भोकाभोकांत भरलं. काही दिवसांत अंगावर ते दंव धरलं. आणि मग स्पंजाने रिकाम्या ठेवलेल्या वाटेने केसाहून बारीक अशी एक रक्तवाहिनी आत आली, चाचपडत, वळणं घेत. तिच्या मागून कामकरी आले. हाडात दोन तऱ्हेचे कामकरी असतात. एक जुनं हाड खोदणारे आणि एक नवं बांधणारे. तुमच्याही हाडांत या क्षणी ते कामावर आहेत. काकूंच्या हाडात खोदणारे जोरात होते आणि बांधणारे मागे पडले होते, एवढाच तो आजार. पण काय त्यांचं काम! कुणी मुकादम नाही, नकाशा नाही, उजेडसुद्धा नाही. माझ्यातून जे कॅल्शियम आणि सिलिकॉन पाझरत होतं त्याचा सुगावा लागताच बांधणारे गोळा झाले, माझ्या भिंतींना चिकटले आणि थरावर थर चढवू लागले. काही जण तर बांधता बांधता स्वतःच भिंतीत राहून गेले. ते मेले नाहीत. हाडावर कुठे किती भार पडतो याची बातमी ते आतून बाकीच्यांना देत राहतात. मी थक्क होऊन पाहत राहिलो. भट्टीतले हजार अंश मी सोसले होते, त्याचा मला केवढा अभिमान! आणि इथे साध्या अंगच्या उबेत, आवाज न करता, दगडाइतकं टणक काहीतरी जन्माला येत होतं.

खोदणारे माझ्याकडेही आले. त्यांनी मला कणाकणाने पोखरलं आणि त्या जागी बांधणाऱ्यांनी हाड भरलं. दुखलं का? नाही. भीती वाटली, ते मात्र खरं.

बाहेर काकूंचं सोपं नव्हतं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट लाकडासारखं ताठ झालेलं. व्यायामवाल्या बाई रोज मऊ चेंडू दाबायला लावायच्या आणि काकू कळवळायच्या. दुसऱ्या महिन्यात त्यांनी घरातला एक कप कानाशी धरून टिचकी मारायचा प्रयत्न केला. बोट नुसतं थरथरलं, कपाला लागलंच नाही. त्या कप ठेवून भिंतीकडे तोंड करून बसल्या. लेक जवळ आली आणि तिने तो चेंडू उचलून त्यांच्या मुठीत ठेवला. त्या दिवसापासून दोघी मिळून मोजू लागल्या. प्रत्येक दाबाबरोबर आत आम्हाला धक्का बसायचा, भिंतीतले कामकरी बातमी द्यायचे, आणि जिथे भार तिथे बांधकाम वाढायचं. हे बाहेर कुणाला ठाऊक होतं? मी एकटा साक्षीदार. गोळ्या चालू झाल्या, सकाळचं उन्हातलं चालणं चालू झालं, आणि हळूहळू खोदणाऱ्यांचा जोर ओसरला.

दीड वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून ते कितीतरी वेळ पाहत राहिले. ताईंना बोलावलं. मग म्हणाले, “खडा कुठे आहे तो दाखवा बरं.” ताईंनी चष्मा पुसला, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. खळगा नव्हता. खडा नव्हता. तिथे हाड होतं.

“हरवला का?” काकूंनी विचारलं.

“नाही काकू,” ताई म्हणाल्या. “त्याचंच हाड झालंय.”

दुसऱ्या दिवशी काकू धुलाईघरात आल्या. नव्या खेपेची भट्टी नुकतीच उघडली होती. त्यांनी एक खडा डाव्या तळहातावर घेतला, कानाशी नेला आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकवलं. मी त्याच हातात होतो. बोट सुटलं तो झटका माझ्यापर्यंत आला.

बद्द.

“अस्सल आहे,” काकू म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या बद्द मालाकडे पाहून हसल्या. जन्माच्या वेळी लागलेलं ते वाक्य मी त्याच क्षणी विसरलो.

मग ताईंनी एक गोष्ट केली. त्यांनी काकूंना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर वही आडवी धरली आणि पेन्सिलीने रेघ ओढली. शेजारी तारीख लिहिली. दबलेले मणके काही परत उंच होत नाहीत. पण आणखी खचले तर आता कळेल. काकूंनी लगेच ताईंना उभं केलं, पाठोपाठ नवी खेप पाहायला आलेल्या डॉक्टरांनाही. ती चौकट आता रेघांनी भरली आहे, आणि काकूंची रेघ वर्षभर जागची हललेली नाही.

मित्रांनो, माझा हा शेवटचा कणही आता जाईल. स्पंज मला आकार देऊन गेला, मी तो हाडाला देऊन चाललो आहे. मला दुःख नाही, उलट मोठी धन्यता वाटते. जाताना एकच मागणं आहे. तुमच्याही घरी एखाद्या चौकटीवर तुमच्या उंचीच्या रेघा असतील. रेघ वर गेली की सगळे कौतुक करतात. तुमच्या आजीची रेघ मात्र तिथे नसेल. ती म्हणेल, मला मेलीला काय मोजायचंय, मी खणखणीत आहे. तिचं ऐकू नका. तिला चौकटीपाशी उभी करा आणि पेन्सिल घ्या.